तिनं मान किती हलवायची?

हसू! नुसतं हसू घ्या. १९७० साली ओसाकाला जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथल्या एका यंत्रमानवाच्या चेहऱ्यात कृत्रिम स्नायूंच्या २९ जोड्या बसवलेल्या होत्या. एकोणतीस! कशासाठी, तर त्याला माणसासारखं हसता यावं म्हणून! आणि ते हसू नेहमीच्या वेगानं उमटलं तर छान दिसायचं, पण वेग निम्मा केला, फक्त वेग, बाकी तेच ओठ, तेच गाल, तेच स्नायू, की तोच चेहरा भेसूर! मासाहिरो मोरी या जपानी प्राध्यापकांनी त्याच वर्षी लिहिलेल्या एका छोट्या लेखात ही गोष्ट आहे. मी ती वाचली आणि तशीच उठून आरशासमोर गेले आणि हळूहळू, अगदी हळूहळू हसले, आणि खरंच हो! अंगावर काटा येतो! तुम्हीही जा. आत्ताच जा, लेख कुठे पळून जात नाही. मनात आकडे मोजत मोजत ओठांचे कोपरे वर न्या. बघितलंत?

हे सगळं डोक्यात शिरलं ते भाच्यामुळे. तो इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याच्या प्रोजेक्टमध्ये एक बाई आहे. पडद्यावरची! रुग्णालयातून घरी निघालेल्या माणसाला ती मराठीत सांगणार, कुठली गोळी कधी, जेवणाआधी की नंतर, टाके कधी काढायचे, ताप आला तर काय करायचं. तिचा चेहरा तयार होता, आवाज तयार होता, नाव सुमन ठेवलं होतं, अबोली रंगाची साडीसुद्धा नेसवून झाली होती, आणि मग त्याचा मला फोन आला, ‘‘मावशी, हिचा स्वभाव कसा ठेवू गं?’’

स्वभाव! ठेवू! अहो, असा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारलाय का? आपल्या वाट्याला माणसं येतात ती स्वभावासकट येतात, सासू असो, साहेब असो, वरच्या मजल्यावरचे काका असोत, आणि इथे एक अख्खी बाई उभी होती आणि तिचा स्वभाव अजून ठरायचा होता! मी तडक त्याच्याकडे गेले.

आधीच सांगते, मला यातलं ओ की ठो कळत नाही. ना कॉम्प्युटर शिकले, ना मानसशास्त्र. जे काही सांगतेय ते भाच्यानं दिलेले निबंध आणि पुस्तकं शब्दकोश घेऊन अधाशासारखी वाचून, आणि त्याच्या खांद्यावरून पडद्यावर डोकावून. जाणकारांनी खुशाल दुरुस्त करावं. पण आता मला गप्प बसवत नाही, तेव्हा चला माझ्याबरोबर!

पडद्यावर एका बाजूला सुमन उभी आणि दुसऱ्या बाजूला स्लायडर. हात किती लांबवर पसरायचे, किती वेगानं, हालचाल सलग की तुटक, जोर किती, तोच हातवारा परत परत करायचा का. माणसाच्या हातवाऱ्यांना मापं! ही मापं कुणीतरी विचार करकरून काढलेली आहेत, फ्रान्समध्ये कॅथरीन पेलाशो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेटा नावाची अशीच एक आभासी स्त्री वर्षानुवर्षं घडवली आणि तिच्यासाठी नेमक्या याच गोष्टी मोजायला घेतल्या. भाच्यानं एकच वाक्य निवडलं, ‘‘रात्रीची गोळी जेवणानंतर घ्या.’’ हात मोठे आणि जलद केले. सुमन एकदम गोळी विकायलाच आली! मग हात लहान केले, पोटाच्या उंचीवर ठेवले, वेग उतरवला. तेच वाक्य, तोच आवाज, आणि समोर एक समजूतदार बाई! मग वेग आणखी उतरवला आणि ती कंटाळलेली दिसायला लागली, मग जोर थोडा वाढवला आणि ती रागावली! रागावली! एका स्लायडरनं! मी भाच्याच्या हातातून माउस काढून घेतला आणि मग जेवणाची हाक येईपर्यंत दिलाच नाही.

आणि एक गंमत बघा. हात शब्दाच्या आधी उठतो! आपण ‘एवढं मोठं’ म्हणतो तेव्हा हात आधीच तयारीला लागलेला असतो, आणि हातवाऱ्याचा मुख्य झटका शब्दावर, नाहीतर त्याच्या किंचित आधी पडतो. शब्द होऊन गेल्यावर हात उठला तर? आम्ही करून पाहिलं. सुमन खोटं बोलतेय असं वाटलं! काही कळायच्या आतच वाटलं! आता बोलणारं कुणीही दिसलं की माझं लक्ष त्यांच्या हातांकडे. परवा भाजीवाल्या मावशींनी विचारलं, ‘‘काय हवंय ताई?’’ आणि मी बघतेय त्यांचा मेथीची जुडी झटकणारा हात.

पण स्वभाव कुठला द्यायचा? भाच्याला ती चटपटीत हवी होती, हसरी, उत्साही, ‘‘चला तर मग!’’ म्हणणारी. मला शांत हवी होती. जोरदार वाद झाला! आणि मग त्यानं माझ्यापुढे एक निबंध टाकला आणि मी तो वाचताना दोनदा उठून फेऱ्या मारल्या. कॅथरीन इस्बिस्टर आणि क्लिफर्ड नास यांचा, २००० सालचा, स्टॅनफर्डमधल्या प्रयोगावरचा. त्यांनी पडद्यावर एक पात्र उभं केलं आणि माणसांना त्याच्याबरोबर एक कोडं सोडवायला बसवलं, की तुम्ही वाळवंटात अडकलात, तुमच्याकडच्या वस्तूंपैकी सगळ्यात मोलाची कुठली, क्रम लावा. काही पात्रं ठामपणे बोलायची, काही बिचकत, सुचवल्यासारखी, प्रश्न विचारल्यासारखी. आणि काहींचे हात अंगापासून लांब पसरलेले, काहींचे अंगाशी आखडलेले. आता यात खुबी अशी, की त्यांनी मुद्दाम अदलाबदल केली! ठाम बोलणारं पात्र अंग चोरून उभं, आणि बिचकत बोलणारं ऐसपैस! लोकांना ते रुचलं नाही. ज्याचं बोलणं आणि उभं राहणं एका स्वभावाचं, तेच पात्र त्यांना आवडलं.

आणि पुढचं ऐका, पुढचं! लोकांना आपल्यासारखं पात्र आवडलं का? नाही! आपल्यापेक्षा वेगळ्या स्वभावाचं पात्र आवडण्याकडे त्यांचा कल निघाला! बोलक्यांना शांत, शांतांना बोलकं! मी हे वाचलं आणि ओळखीतली सगळी जोडपी डोळ्यांपुढून जायला लागली.

म्हणजे चटपटीत की शांत, हा आमचा वाद खरा महत्त्वाचा नव्हताच, महत्त्वाचं हे की जे ठरवू ते पायाच्या नखापासून मानेपर्यंत एकच असायला हवं. तरीही मी शांतचाच हट्ट धरला. का? तर आपल्यासमोर कोण बसणार आहे? चार रात्री नीट झोप न झालेला माणूस, हातात फाईल, पिशवीत औषधं, बाहेर रिक्षा थांबलेली, आणि डोक्यात बिलाचा आकडा. त्याच्यासमोर उत्साह नको! त्याला सवड हवी. आणि हे माझ्या मनचं नाही, बॉस्टनमध्ये हे खरोखर झालंय! टिमथी बिकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात लुईस नावाची आभासी परिचारिका थेट रुग्णाच्या पलंगापाशी नेली. चाकांच्या स्टँडवर पडदा, पडद्यात लुईस, रुग्णानं बोटानं स्पर्श करून उत्तरं द्यायची. आणि रुग्णाच्या हातात घरी नेण्याची पुस्तिका, तीच पुस्तिका लुईसच्याही हातात! ती पान उलटते, बोटानं ओळ दाखवते, मग रुग्णही तीच ओळ बघतो! इतकी साधी गोष्ट! बऱ्याच रुग्णांनी सांगितलं, की डॉक्टर-नर्सपेक्षा हिच्याकडून समजून घेणं बरं वाटतं, कारण ती घाईत नसते. वाचल्याबरोबर मी भाच्याला म्हटलं, ‘‘सुमनच्या हातात ती फाईल दे! आत्ताच्या आत्ता दे!’’ आणि त्यानं दिली! आणि त्यामुळे तिच्या हातांचं काय करायचं हा अर्धा प्रश्नच मिटला, कारण मोकळे हात लपवायला जागा नसते, पण फाईल धरलेले हात किती निवांत दिसतात!

आता येतोय तो खरा भाग. हे सगळं झालं तिच्या बोलण्याचं. आणि मग भाच्यानं सहज विचारलं, ‘‘पेशंट बोलत असताना हिनं काय करायचं?’’

काय करायचं! मी गारच! कारण तोपर्यंत पेशंट बोलायला लागला की सुमन नुसती उभी. हसरी, सरळ, निश्चल. भाचा पेशंट झाला आणि म्हणाला, ‘‘सुमनताई, छातीत दुखतंय हो,’’ आणि ती हसत होती! तसंच! मला ते बघवेना. अहो, तिथेच तिचा सगळा स्वभाव कळला! बोलताना गोड कुणीही बोलतं, पण आपण बोलत असताना समोरचा काय करतो त्यावरून आपण माणूस जोखतो ना? मी तेव्हापासून त्याच्या मागेच लागले, की बोलणं राहू दे, आधी हिला ऐकायला शिकव.

आणि मग ऐकण्याबद्दल वाचायला घेतलं आणि काय काय निघालं म्हणून सांगू! माणूस मोठं काही बोलायला सुरुवात करतो तेव्हा नजर दुसरीकडे नेतो, आणि संपत आलं की नजर परत समोरच्यावर आणतो, आता तुझी पाळी! अ‍ॅडम केंडन यांनी हे १९६७ मध्ये लिहून ठेवलंय. आणि एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर किती असतं माहितीये? जगातल्या १० वेगवेगळ्या भाषा घेऊन कुणीतरी मोजलं, २००९ साली निबंध आला, सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास! टिचकी वाजवायच्या आत! सुमनला मात्र विचार करायला दोन-तीन सेकंद लागायचे, यंत्र तेवढा वेळ घेतंच. मग त्या वेळात ती काय करणार? दगडासारखी उभी राहणार? भाच्यानं उपाय काढला आणि मी टाळी वाजवली. आधी मान हलकेच खाली, मग ‘‘हं...’’, मग नजर क्षणभर फाईलकडे, आणि मग उत्तर! तेवढेच सेकंद! पण आता ती विचार करत होती!

हा हुंकार! गोष्ट ऐकताना ‘हं’ म्हणायचं थांबलं की आजी विचारायची, ‘‘झोपलास का रे?’’ आणि त्या ‘हं’वर तिकडे अमेरिकेत केवढा अभ्यास चाललाय! दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात एली नावाची आभासी मुलाखतकार आहे. खुर्चीत बसते, मनाच्या त्रासाबद्दल हळुवार विचारते आणि ऐकते. ती स्वतःच्या बळावर चालायला लागण्याआधी दोन माणसं पडद्यामागून तिला चालवायची, एकाकडे तिचं बोलणं आणि दुसऱ्याकडे माना डोलावणं, हसणं, हावभाव! नुसत्या हावभावांना स्वतंत्र माणूस! आणि मग २०१४ मध्ये त्यांचा निबंध आला, की हिला कुणी माणूस चालवत नाहीये, ही नुसतं यंत्र आहे असं ज्यांना सांगितलं होतं, ते आपलं दुःख उघड करायला कमी घाबरले. जास्त मोकळे झाले! यंत्र आहे म्हणून! किती वेळ मी ते पान उघडं ठेवून बसले होते.

ऐकण्याचं हे महत्त्व कळल्यावर मला जुनी कोडी उलगडायला लागली. मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मधली ती डोळेवाली कागदाची क्लिप आठवते? भुवया उडवायची, अंगाला पीळ द्यायची, पत्र लिहायला घेतलं की हजर! स्वभाव होता की तिला, चांगला ठसठशीत होता. पण लोक वैतागायचे आणि २००७ च्या ऑफिसमधून ती गेली. मला विचाराल तर तिला ऐकता येत नव्हतं. नको म्हटलेलं तिच्या भुवयांपर्यंत पोचतच नव्हतं. आणि आपल्या डीडी किसानवर २६ मे २०२४ पासून एआय कृष आणि एआय भूमी आले, ५० भाषांत बोलू शकणारे निवेदक, त्यांच्याकडे मी आता अगदी डोळे फाडून बघते, पण त्यांना बातमी सांगायची असते, ऐकून घ्यायचं नसतं, त्यामुळे ते सुमनपेक्षा सोप्या कामावर आहेत असं माझं ठाम मत झालंय. उलट रामदास पाध्यांचा बोलका बाहुला अर्धवटराव बघा! पाध्ये बोलत असताना तो त्यांच्याकडे वळून बघतो ना, तिथे तो जिवंत होतो!

आता सगळ्यात भारी गोष्ट. मान! भाच्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार हालचालींची यादी होती. त्यात मान वर-खाली, म्हणजे हो. मान डावी-उजवीकडे, म्हणजे नाही. बस्स! आपली मान कुठे आहे? ती तिरकी डोलणारी, एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे जाणारी, ‘‘बरं, कळलं, सांगा पुढे’’ म्हणणारी? नव्हतीच! अख्ख्या यादीत नव्हती! मग आम्ही काय केलं, आईच्या आणि शेजारच्या काकूंच्या परवानगीनं त्या दोघी बोलत असताना फोनवर चित्रीकरण केलं. काकू सुनेबद्दल सांगत होत्या आणि आई ऐकत होती. आणि मग आम्ही ते अगदी सावकाश करून पाहिलं. आईची मान एकदा तिरकी होते, हनुवटी जरा पुढे येते, डोळे किंचित बारीक, मग मान परत सरळ, आणि काकू थबकल्या की पुन्हा छोटीशी डोलते, पहिल्यापेक्षा निम्मी! एका तक्रारीत किती प्रकार! होकार वेगळा, सहानुभूती वेगळी, आणि ‘‘असं का झालं?’’ची मान तर एकदम वेगळी, ती मागे जाते!

आणि हे मी एका संस्कृतवाल्या मैत्रिणीला उत्साहानं सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘अगं, नाट्यशास्त्राचा आठवा अध्याय उघड.’’ उघडला! मराठी भाषांतर घेऊन बसले. डोक्याच्या १३ हालचाली! नजरेचे ३६ प्रकार! भरतमुनींनी यादी करून ठेवलीय! आणि त्यातल्या पहिल्या दोन हालचाली ऐका. मान सावकाश वर-खाली केली तर तिचं नाव आकंपित, ती उपदेश करताना, प्रश्न विचारताना, सहज बोलताना. तीच मान, तीच दिशा, पण भराभर केली तर कंपित, आणि ती रागाची, वादाची, दटावण्याची! फक्त वेग बदलला! स्लायडर! भाच्याला तिथूनच फोन केला. त्यानं सुमनचं मान हलवणं जलद करून पाहिलं, आणि ती खरोखर दटावायला लागली, ‘‘गोळ्या वेळेवर घेता का?’’ मग सावकाश केली आणि ती विचारायला लागली, ‘‘गोळ्या वेळेवर घेता का?’’ माझ्या डोळ्यांदेखत!

पापण्यांचं पटकन सांगते. माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतो, पण सारख्या अंतरानं नाही! सारख्या अंतरानं लवली की घड्याळ वाटतं. सुमनच्या पापण्या आता मनाला येईल तशा लवतात. नमस्कार करताना हात छातीशी आणि मान जराशी झुकलेली. म्हाताऱ्या माणसांना आजी-आजोबा, बाकीच्यांना काका, काकू, ताई, दादा, आणि सगळ्यांना अहो-जाहो. आणि न समजलं की ‘‘माफ करा, मला समजले नाही’’ हे छापील वाक्य आम्ही काढून टाकलं. आता ती हसू आवरते, भुवया जरा वर, अंग थोडं पुढे, ‘‘परत सांगता का? मला नीट कळलं नाही.’’ पुढे झुकणं किती सेंटिमीटर यावर अजून एकमत नाही! आणि ‘‘छातीत दुखतंय’’ ऐकलं की हसू तत्क्षणी जातं, हात फाईलवरून खाली येतात, आणि ती सरळ डोळ्यांत बघून सांगते की ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. ते पहिल्यांदा नीट झालं तेव्हा भाचा काही बोलला नाही आणि मीही नाही. मग दोघंही एकदम ओरडलो!

आता रविवारी आईला सुमनसमोर बसवायचंय. आईला सांगितलेलं नाही, की हिच्या मानेत तुझी मान आहे. आणि आई पहिला प्रश्न काय विचारणार हे मला आत्ताच माहितीये. गोळ्यांचं नंतर, आधी ती विचारणार, ‘‘तू कुणाची गं?’’ भाचा म्हणतो, कोकणातली म्हणूया, माणसं खुलतात. मी म्हणते, अजिबात नाही, आजारी माणसाला खोटं गाव सांगायचं नाही, तिनं सरळ सांगावं की मी यंत्र आहे, आजी, पण तुमची फाईल मी नीट वाचलीय. तो म्हणतो, हे वाक्य म्हणताना मान कुठली? आणि तिथे आम्ही अडकलोय! तिरकी केली तर लाडात आल्यासारखी दिसते, सरळ ठेवली तर तुटक. तुमच्या घरी कुणी मोठं माणूस असेल तर त्यांना हा प्रश्न विचारून बघा आणि उत्तर देताना त्यांची मान नीट बघा, आणि जमलं तर रविवारच्या आत मला कळवा!